लोणार, लीलावती आणि टेन्सर

बुलडाणा जिल्ह्याचे नाव निघाले की बाहेरच्या माणसाला दोन गावे आठवतात. एक सिंदखेड राजा, जिजाऊंचे जन्मगाव. दुसरे लोणार, उल्कापाताने तयार झालेल्या खाऱ्या सरोवराचे गाव. लोणारवर आजवर पुष्कळ लिहिले गेले आहे. मंदिरांवर, पाण्याच्या रंगावर, पक्ष्यांवर. २०२० साली सरोवर गुलाबी झाले तेव्हा तर देशभरातून कॅमेरे तिथे पोहोचले. मला मात्र या लेखात लोणारकडे वेगळ्या कारणाने जायचे आहे. हिशोबाचा इतिहास सांगण्यासाठी.

आज कृत्रिम बुद्धिमत्तेच्या बातम्यांत ‘टेन्सर’ हा शब्द वारंवार येतो. टेन्सरची आकडेमोड करणाऱ्या सॉफ्टवेअर लायब्ररी जगभर फुकट उपलब्ध आहेत. आपल्याकडचा अभियांत्रिकीचा विद्यार्थी त्या वापरतो, पण हे सगळे अमेरिकेत कुठेतरी जन्मले आणि आपल्याशी त्याचा काही संबंध नाही, असे धरून चालतो. दुसऱ्या टोकाला, सगळे विज्ञान आमच्याच जुन्या ग्रंथांत होते असे सांगणारे लोक सर्व समाजांत आहेत, आपल्यातही आहेत. इतिहास या दोघांनाही दुजोरा देत नाही.

दोन भाऊ, दोन पुस्तके

अकबराच्या दरबारात शेख मुबारक नागोरी यांचे दोन मुलगे होते. थोरला फैजी, धाकटा अबुल फजल. अबुल फजलने ‘आईन-ए-अकबरी’ लिहिली. तिच्या वऱ्हाड सुभ्याच्या वर्णनात मेहकर सरकारातले लोणार येते. चहूबाजूंनी डोंगर, मधे मोठे तळे, पाणी खारे, काच आणि साबण करण्यासाठी लागणारा माल इथे मिळतो, सोऱ्याचे उत्पन्न चांगले येते आणि ब्राह्मण या जागेला पवित्र मानतात, असे तो नोंदवतो. धर्माची जागा आणि महसुलाची जागा, दोन्ही एकाच परिच्छेदात. अबुल फजल मोजणारा माणूस होता. सुभा, सरकार, परगणा, जमीन, दाम, सगळे आकड्यांत मांडण्याची त्याची पद्धत होती.

फैजीने त्याआधी, १५८७ मध्ये, भास्कराचार्यांच्या ‘लीलावती’चा फारसी तर्जुमा केला होता. आपल्या मराठी घरांत लीलावतीची एक गोष्ट सांगतात. मुलीच्या लग्नाचा मुहूर्त चुकू नये म्हणून वडिलांनी घटिकापात्र लावले, तिच्या अंगावरचा मोती त्यात पडला, भोक बुजले, वेळ निघून गेली, आणि मग वडिलांनी तिच्या नावाने गणिताचे पुस्तक लिहिले. ही गोष्ट आज ज्या रूपात आपल्याला माहीत आहे ती फैजीच्या फारसी प्रस्तावनेतून पसरली. संस्कृत ग्रंथाची सर्वांत लाडकी कथा एका मुसलमान शायराच्या लेखणीतून आपल्यापर्यंत आली आहे.

भास्कराचार्यही आपल्यापासून दूरचे नाहीत. त्यांचा ‘सिद्धान्तशिरोमणी’ ११५० चा. त्यांच्या ग्रंथांच्या अभ्यासासाठी नातू चांगदेवाने मठ काढला, त्याचा शिलालेख जळगाव जिल्ह्यात चाळीसगावजवळच्या पाटणला आहे. काळ १२०७ च्या सुमाराचा. बुलडाण्याचा शेजारचाच जिल्हा. पुढे १६३४-३५ मध्ये भास्कराचार्यांच्या ‘बीजगणिता’चा फारसी तर्जुमा झाला. तो करणारे अताउल्ला रशीदी हे ताजमहालाचे शिल्पकार उस्ताद अहमद लाहोरी यांचे चिरंजीव. औरंगाबादच्या (आजचे छत्रपती संभाजीनगर) बीबी का मकबऱ्यावर शिल्पकार म्हणून ज्या अताउल्लांचे नाव कोरलेले आहे, ते हेच. बीजगणित समजणारा माणूस घुमटाचा भारही समजून घेत होता, यात नवल नाही.

कमी कष्टांत मोठा हिशोब

ही देवाणघेवाण अकबराच्या काळात सुरू झाली नव्हती. तिचा पहिला मोठा टप्पा आठव्या-नवव्या शतकातला, आणि तेव्हा दिशा उलटी होती. भारतातले अंक आणि शून्य बगदादला पोहोचले. तिथे अल-ख्वारिज्मी यांनी सुमारे ८२५ मध्ये हिंदी अंकांच्या हिशोबावर पुस्तक लिहिले. मूळ अरबी प्रत आज उरलेली नाही, लॅटिन रूपांतरे उरली. त्यांच्या नावावरून ‘अल्गोरिदम’ शब्द आला आणि त्यांच्या दुसऱ्या पुस्तकातल्या ‘अल-जब्र’वरून ‘अल्जेब्रा’. आपल्या मुलांना हे दोन शब्द ठाऊक असतात. पण त्या पुस्तकाचा विषयच हिंदी अंक होता, ही अर्धी गोष्ट सांगायची राहून जाते.

संगणकीय गणित म्हणजे नेमके काय, हे समजायला अल-बिरुनी यांचे एक उदाहरण फार उपयोगी आहे. बुद्धिबळाच्या पहिल्या घरात गव्हाचा एक दाणा, दुसऱ्यात दोन, तिसऱ्यात चार, असे दुप्पट करत गेले तर चौसष्ट घरांत मिळून किती दाणे? उत्तर आहे १,८४,४६,७४,४०,७३,७०,९५,५१,६१५. सरळ वाटेने गेलात तर त्रेसष्ट वेळा दुप्पट करावी लागते आणि मग सगळी घरे बेरजेत धरावी लागतात. बिरुनी यांनी सुमारे हजार साली एक नियम दिला. एखाद्या घरातल्या संख्येचा वर्ग केला की पहिल्या घरापासून तितक्याच अंतराने पुढे असलेल्या घराची संख्या मिळते. म्हणजे दोनाचा वर्ग चार, चाराचा सोळा, सोळाचा २५६, त्याचा ६५,५३६, असे करत गेले की सहा वर्गांत काम होते. शेवटी एक वजा करायचा, बेरीज तयार.

त्रेसष्ट पायऱ्यांच्या जागी सहा. माझ्या मते संगणकीय गणिताचा सगळा इतिहास या एका वाक्यात मावतो. मोठा हिशोब जास्त कष्टाने होतो हे खरे नाही. काय मोजायची गरज नाही हे ओळखले की तो होतो.

समरकंदचे अल-काशी यांनी १४२४ मध्ये वर्तुळाच्या परिघाचे गुणोत्तर, आपण ज्याला पाय म्हणतो, ते सोळा दशांश स्थळांपर्यंत काढले. एक अंशाची ज्या काढताना त्यांनी वापरलेली रीत अशी होती: आधी अंदाज घ्यायचा, तो सूत्रात घालायचा, आलेले उत्तर पुन्हा त्याच सूत्रात घालायचे, आकडे हलायचे थांबेपर्यंत. भारतीय ज्योतिषगणितात याच प्रकारच्या रीतीला ‘असकृत्कर्म’ म्हणत, म्हणजे पुन्हा पुन्हा करायचे काम. आजचा संगणक हवामानाचा अंदाज काढताना जे करतो, ते मूळ कल्पनेत यापेक्षा वेगळे नाही. फक्त तो ते सेकंदाला अब्जावधी वेळा करतो.

दगडाच्या आत काय झाले?

आता लोणारला परत येऊ. साडेसहा कोटी वर्षांपूर्वीच्या लाव्हाने बनलेला काळा पाषाण, त्यात सुमारे १.८ किलोमीटर रुंद आणि दीडशे मीटर खोल खड्डा. १८२३ मध्ये अलेक्झांडर नावाच्या इंग्रज अधिकाऱ्याने त्याची नोंद केली. दीर्घ काळ लोक याला ज्वालामुखीचे तोंड समजत. १९७३ मध्ये अमेरिकी आणि भारतीय भूवैज्ञानिकांचा निबंध प्रसिद्ध झाला. सरोवराच्या तळातून काढलेल्या खडकात प्रचंड दाबाने काच झालेली खनिजे सापडली होती. असा दाब ज्वालामुखीत निर्माण होत नाही. वाद मिटला: हा उल्केचा आघात. वयाबाबत मात्र आकडे जुळेनात. उष्णतेने पेटणाऱ्या उजेडावरून मोजले तर बावन्न हजार वर्षे, आर्गॉन वायूवरून मोजले तर सुमारे पाच लाख सत्तर हजार वर्षे. एकच खड्डा, दहापटींहून मोठा फरक. काय मोजतो आणि कसे मोजतो, यावर उत्तर अवलंबून असते.

अलेक्झांडरच्या एक वर्ष आधी, १८२२ मध्ये, पॅरिसमध्ये कोशी हा गणितज्ञ एका प्रश्नाशी झुंजत होता. घन वस्तूच्या आत एखाद्या बिंदूवर ताण किती आहे, हे कसे सांगायचे? तापमान सांगायला एक आकडा पुरतो. वाऱ्याचा वेग आणि दिशा सांगायला तीन. पण दगडाच्या आत तुम्ही कोणत्या पातळीवर काप घेता त्यावर दाब बदलतो, आणि तो सरळ ढकलतो की घासून सरकवतो तेही बदलते. त्यासाठी तीन ओळी आणि तीन स्तंभ, म्हणजे नऊ आकडे लागतात. समतोलाच्या नियमामुळे त्यातले तीन आपोआप ठरतात, खरे सहाच मोजायचे उरतात. इथेही तेच, काय मोजायचे नाही हे कळले.

या आकड्यांच्या चौकटीला पुढे टेन्सर नाव मिळाले. आजच्या अर्थाने हा शब्द १८९८ मध्ये जर्मन शास्त्रज्ञ फोग्ट याने वापरला. मराठीत त्यासाठी शब्द आहे: प्रदिश. एक आकडा तो अदिश, दिशा असलेली राशी ती सदिश, आणि त्यापुढची प्रदिश. शब्द सोपे आहेत, एकमेकांना धरून आहेत. ते वापरातून गेले ही वेगळी गोष्ट.

उल्का आदळते त्या क्षणी जमिनीचे काय होते, हे आज शास्त्रज्ञ संगणकावर घडवून पाहतात. खडकाचे लाखो छोटे तुकडे कल्पायचे, प्रत्येक तुकड्याचा ताणाचा प्रदिश मांडायचा, सेकंदाचा अगदी लहान भाग पुढे सरकायचे, पुन्हा सगळे मोजायचे. असकृत्कर्मच.

नारळीकर आणि करमरकर

प्रदिशाला जगभर मान मिळाला तो आइन्स्टाइनमुळे. १९१५ च्या व्यापक सापेक्षतेत गुरुत्वाकर्षण म्हणजे अवकाश-काळाची वक्रता, आणि ती सांगायला चार मितींचा प्रदिश लागतो. कागदावर त्याचे २५६ घटक होतात. सममितीच्या नियमांनी गाळणी लावली की वीस स्वतंत्र घटक उरतात.

या विषयात मराठी माणसे आरंभापासून होती. कोल्हापूरला जन्मलेले विष्णु वासुदेव नारळीकर केंब्रिजहून परतून १९३२ मध्ये बनारस हिंदू विद्यापीठात गणिताचे प्रमुख झाले. त्यांच्याजवळ काम करताना प्र. चु. वैद्य यांनी १९४३ मध्ये प्रकाश टाकणाऱ्या ताऱ्याचे गुरुत्वाकर्षण मांडले, ते आज वैद्य यांच्याच नावाने ओळखले जाते. नारळीकर आणि के. आर. करमरकर यांनी वक्रतेतून अशा चौदा राशी काढून दाखवल्या, ज्या पाहणाऱ्याची चौकट बदलली तरी बदलत नाहीत. करमरकरांनी १९४८ मध्ये दिलेली अट आजही ताऱ्यांच्या गणितात जगभर वापरली जाते. हे सगळे हाताने, कागदावर, फाउंटन पेनने. एका प्रश्नाला महिने लागत. आज तेच घटक संगणकाची लायब्ररी काही क्षणांत काढून देते. पण कोणते वीस घटक काढायचे, हे ज्यांनी ठरवले त्यांच्या खांद्यावर ती उभी आहे.

यंत्र नाकारले गेले तेव्हा

कागद पुरेना तेव्हा यंत्र लागले. मुंबईच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेत आर. नरसिंहन आणि सहकाऱ्यांनी बांधलेला संगणक १९६० मध्ये पूर्ण क्षमतेने सुरू झाला. १९६२ मध्ये नेहरूंनी त्याला टिफ्रॅक नाव दिले. देशात संगणक म्हणजे काय हे हाताच्या बोटांवर मोजण्याइतक्या लोकांना ठाऊक होते तेव्हाची ही गोष्ट.

दुसरा टप्पा आपल्या आणखी जवळचा आहे. १९८० च्या दशकात भारताला हव्या त्या क्षमतेचा महासंगणक द्यायला अमेरिकेने नकार दिला. १९८८ मध्ये पुण्यात सी-डॅक स्थापन झाली, आणि १९९१ मध्ये परम ८००० तयार झाला. त्याचे नेतृत्व करणारे विजय भटकर अकोला जिल्ह्यातल्या मुरंबा या खेड्यातले. वऱ्हाडातलेच. त्यांनी एक प्रचंड प्रोसेसर बांधायचा प्रयत्न केला नाही, तो बांधणे शक्यही नव्हते. बाजारात मिळणारे छोटे प्रोसेसर एकमेकांना जोडले आणि काम वाटून दिले.

आज पुण्याच्या उष्णदेशीय हवामान संस्थेतले महासंगणक पावसाचा अंदाज काढतात. २०२५ पासून त्यासाठी सहा किलोमीटरची जाळी वापरली जाते. म्हणजे एका चौकटीत अख्खे लोणारचे विवर तीनदा आडवे मावेल. आधी ही चौकट बारा किलोमीटरची होती. चौकट लहान झाली की आकडे चौपट होतात आणि वेळेचे टप्पेही बारीक करावे लागतात. चिखलीत पाऊस आणि मेहकरला कोरडे, हे ज्याच्या सोयाबीनने भोगले आहे, त्याला या आकड्यांची किंमत वेगळी सांगावी लागत नाही. दुबार पेरणीचा खर्च त्याच्या खिशातून जातो.

लायब्ररी म्हणजे काय?

यंत्र असले तरी प्रत्येकाने प्रत्येक रीत नव्याने लिहायची ठरवली तर आयुष्य पुरणार नाही. म्हणून लायब्ररी. कुणीतरी काळजीपूर्वक लिहिलेली, तपासलेली, इतरांनी बोलावून वापरायची गणिती साधने. १९७९ मध्ये अमेरिकेत लिनपॅक आली, २००६ मध्ये पायथन भाषेसाठी नमपाय, २०१५ मध्ये गूगलने टेन्सरफ्लो सर्वांना खुली केली. यातल्या बहुतेकांची मूळ संहिता कुणीही उघडून वाचू शकतो, दुरुस्त करू शकतो. गावातल्या पाणपोईसारखी: कुणी बांधली ते वेगळे, पाणी सगळ्यांचे.

यातली एक शाखा मला विशेष मोलाची वाटते, प्रदिशांच्या जाळ्यांची, म्हणजे टेन्सर नेटवर्कची. कारण तिच्यात बिरुनींचा धडा सर्वांत स्वच्छ दिसतो.

समजा पन्नास कण आहेत, प्रत्येकाच्या दोन अवस्था. क्वांटमच्या नियमांनी त्यांची एकत्रित स्थिती सांगायची तर दोनाचा पन्नासावा घात, म्हणजे १,१२,५८,९९,९०,६८,४२,६२४ आकडे लागतात. अकराशे लाख कोटींहून जास्त. बुद्धिबळाच्या गव्हाचीच गोष्ट, पण इथे धान्य खरोखर साठवायचे आहे. १९९२ मध्ये स्टीव्हन व्हाइट या अमेरिकी भौतिकशास्त्रज्ञाने एक रीत दिली. तिची आजची मांडणी अशी. एकच राक्षसी कोठार बांधू नका. प्रत्येक कणासाठी एक छोटा प्रदिश ठेवा आणि शेजारच्याला धाग्याने जोडा, तसबीहचे किंवा माळेचे मणी ओवावेत तसे. धाग्याची जाडी शंभर धरली तर एका मण्यात वीस हजार आकडे, पन्नास मण्यांत दहा लाख. साध्या लॅपटॉपवर मावतात. अट एकच: कणांचे आपसातले गुंतलेपण फार नसावे. निसर्गातल्या पुष्कळ पदार्थांत ते तितके नसते, म्हणून ही रीत चालते.

व्हाइट आणि माइल्स स्टौडेनमायर यांची आयटेन्सर ही लायब्ररी हेच काम सोपे करते. तिच्यात प्रदिशाच्या प्रत्येक टोकाला स्वतःची ओळख असते. दोन प्रदिशांचे एकच टोक सामायिक असेल तर ते आपोआप जुळते. कितव्या क्रमांकाचे टोक कुठे जोडायचे हे माणसाला लक्षात ठेवावे लागत नाही, आणि अशा जुळणीतल्या चुकाच सर्वांत जास्त छळतात.

या रीतीची ताकद जगाला एका वादातून दिसली. २०१९ मध्ये गूगलने सांगितले की त्यांच्या ५३ क्यूबिटच्या क्वांटम संगणकाने २०० सेकंदांत केलेल्या कामाला महासंगणकाला दहा हजार वर्षे लागतील. काही वर्षांतच चिनी संशोधकांनी टेन्सर नेटवर्क वापरून ५१२ ग्राफिक प्रोसेसरांवर तसे काम सुमारे पंधरा तासांत केले. यंत्र तेच जुन्या पद्धतीचे. बदलला होता तो हिशोबाचा रस्ता.

आपला वाटा

मग या इतिहासावर हक्क कुणाचा? अंक भारतातून बगदादला गेले, पुस्तके बगदादहून युरोपात गेली, लीलावती संस्कृतातून फारसीत गेली, कोशीचा ताण बनारसपर्यंत आला, आणि मुरंब्याच्या माणसाने पुण्यात महासंगणक बांधला. यात प्रत्येक टप्प्यावर कुणीतरी दुसऱ्याची भाषा शिकले. फैजीला संस्कृत पंडितांजवळ बसावे लागले. ख्वारिज्मींना परक्या देशाचे अंक आपलेसे करावे लागले. आमचे पूर्वज महान होते, असे म्हणताना त्यांचे हे शिकणे आपण विसरतो, आणि नेमके तेच त्यांचे मोठेपण होते. ख्वारिज्मींचे नाव घेऊन मिरवणाऱ्या तरुणाने एकदा तरी चार ओळींचा अल्गोरिदम स्वतः लिहून चालवून पाहिला आहे का, हा प्रश्न मला महत्त्वाचा वाटतो.

आज दार बंद आहे असे म्हणता येणार नाही. आयआयटी मुंबईत कन्नन मौद्गल्य यांनी सुरू केलेल्या स्पोकन ट्युटोरियल प्रकल्पात खुल्या सॉफ्टवेअरचे अनेक पाठ मराठीतही आहेत. तिथल्याच प्रभू रामचंद्रन यांनी लिहिलेले मायावी हे त्रिमितीय चित्रांचे साधन जगभरातले शास्त्रज्ञ वापरतात. खामगाव किंवा मलकापूरच्या मुलीला नमपाय उतरवून घ्यायला कुणाची शिफारस लागत नाही, आडनाव विचारले जात नाही, फी भरावी लागत नाही. अडचणी आहेत, त्या नाकारण्यात अर्थ नाही. घरात लॅपटॉप नसतो, इंग्रजीची भीती असते, दहावीनंतर गणित सोडण्याचा सल्ला सगळे देतात, मुलींना तर आवर्जून देतात. यातली लॅपटॉपची अडचण समाजाने मनावर घेतले तर एका वर्षात सुटेल. मोहल्ल्यातल्या एका खोलीत दोन जुने संगणक ठेवायला मोठी देणगी लागत नाही. गणित सोडण्याचा सल्ला देणे तर आपण आजच थांबवू शकतो.

तोवर कागद आणि पेन पुरे. दोनाचा वर्ग करा, आलेल्या उत्तराचा पुन्हा वर्ग करा, असे सहा वेळा. पाचव्या पायरीला ४,२९,४९,६७,२९६ आले तर तुम्ही बरोबर वाटेवर आहात. सहावी पायरी जरा दमवेल, पण हजार वर्षांपूर्वी बिरुनींनी ती संगणकाशिवाय पार केली होती.